पोटातला संगणक

माझी लेक दवाखान्यात रक्ताअभावी पांढरी पडत चालली होती आणि आमचे व्याही घरी बसून संगणकाच्या पोटात दुसरा संगणक घालत होते. असा माणूस साताऱ्यात दुसरा नव्हता, आमच्या सांगलीतही नव्हता, आणि असं असल्याचं आधी कळतं तर मी मुलगी दिली नसती.

पहाटे बाळंतपण झालं, मुलगी झाली, ती ठणठणीत रडली. पण लेकीचं रक्त थांबेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या गटाची एकच बाटली मिळाली, ती लावली. अजून एक पाहिजे. पुण्याहून यायला दुपार होईल, आणि तेवढा वेळ नाही." मी अनवाणी घरी पळाले. साताऱ्यात कुणाचं रक्त कोणत्या गटाचं हे एकाच माणसाकडं लिहिलेलं होतं, आणि तो माझा व्याही होता. बघते तर हे खुर्चीवर मांडी घालून पडद्याकडं टक लावून बसलेले.

"आवं, नावं काढा की!"

"तेच चाललंय, विहीणबाई. आतला उठत नाही."

आता हा आतला कोण, ते सांगते. त्याआधी बाहेरचे कोण, ते सांगायला पाहिजे. व्याही टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. विहीण देवाघरी गेलेली, जावई आसामात फौजेत, म्हणून लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणाला मी नवरात्रापासून येऊन राहिले होते. घरात पाऊल टाकलं आणि स्वयंपाकघरात डब्यांवर चिठ्ठ्या दिसल्या. 'मीठ. चव घेऊन खात्री केली.' 'साखर. खात्री केली.' एका डब्यावर नुसतं 'खात्री व्हायची आहे' असं होतं. उघडला तर ओवा. जन्मभर तारा तपासल्यामुळं त्यांचा कशावर म्हणून विश्वास नव्हता. सकाळी उठले की फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावायचे, आवाज येतोय हे ऐकून ठेवून द्यायचे, आणि मगच दात घासायचे. मी एकदा विचारलं, "कुणाचा फोन?" तर म्हणाले, "कुणाचा नाही. आहे का ते बघितलं." त्यांच्या हातचा चहा पिणं म्हणजे शिक्षा, कारण तो उकळला की नाही याची खात्री ते तीनदा करायचे.

आणि रक्त. माणूस भेटला की "कसं काय" च्या आधी "गट कोणता?" खात्यात असताना एक सोबती खांबावरून पडला आणि रक्त वेळेवर मिळालं नाही, तेव्हापासून हे सुरू झालं असं लेक सांगायची. ते स्वतः त्याबद्दल बोलायचे नाहीत. मुलगी बघायला आमच्याकडं आले, पोहे खाल्ले, आणि हिला विचारलं काय, तर रक्तगट. तिला माहीत नव्हता. दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन तिला तपासायला घेऊन गेले. गट दुर्मीळ निघाला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. माझा जीव वर-खाली. म्हटलं, आता मोडतात लग्न. तर म्हणाले, "पत्रिका राहू द्या. हिच्यासाठी माणसं आधी शोधून ठेवली पाहिजेत." लग्नात नवरदेवाचा बाप म्हणून मिरवायचं सोडून हे पंगतीतून वही घेऊन फिरले. विट्याचा एक पाहुणा जिलबीचा घास तोंडात ठेवूनच म्हणाला, "काका, जेवू तरी द्या, मग काढा रक्त!" आमची माणसं अजून त्या लग्नाला रक्ताचं लग्न म्हणतात.

अशी तीनशेच्या वर नावं जमली. आधी वहीत होती, मग जुन्या संगणकात घातली. ज्या दिवशी शेवटचं नाव आत गेलं त्या दिवशी वही बंबात घातली. कागदावर माणसाचा जीव टांगून ठेवू नये, म्हणे. मी तेव्हा पाहुणी आले होते, त्या बंबाच्या पाण्यानं मीही अंघोळ केली, म्हणून त्यांना दोष देता येत नाही. यंदा उन्हाळ्यात जुना संगणक बंद पडला. नवा आला. पण नावं ज्या जुन्या भाषेत कोंडून ठेवली होती ती भाषा नव्याला येईना. मग मासिकाबरोबर आलेली एक चकती घालून यांनी नव्या यंत्राच्या आत एक जुनं यंत्र उभं करायचं ठरवलं. खरं नव्हे, भासाचं.

"समजा, विहीणबाई, तुमच्या घरात मी एक खोटं घर बांधलं. आत राहणाऱ्याला वाटतं, हेच जग. आतलं जळलं तरी बाहेर धग लागत नाही."

"आन् आतल्याला जेवाय कोण घालतं?"

"बाहेरचाच. आपल्या ताटातलं काढून."

"म्हंजी सासुरवाशीणच की!"

ते खो-खो हसले आणि खरंच 'सासुरवाशीण' अशी चिठ्ठी पडद्याच्या कडेला चिकटवली.

पण सासुरवाशीण नांदेना. तिला उभं करायला चार फ्लॉप्या लागत. हाताच्या तळव्याएवढ्या चौकोनी वड्या, एकीमागून एक यंत्राच्या तोंडात घालायच्या. तीन नीट जायच्या, चौथीला सगळं अडायचं. चार दिवस हेच. तिला खायला कमी पडतंय म्हणून जास्त दिलं. जास्त झालं म्हणून कमी केलं. पाच वेळा आतलं घर पाडून पुन्हा बांधलं. जेवताना मध्येच उठायचे, उष्ट्या हातानं बटण दाबायचे, परत येऊन भाकरी तशीच धरून बसायचे. आतलं यंत्र खोटं, त्याचं तोंडही खोटं, ते तोंडच फसवतंय, असा त्यांचा संशय. लेकीचे दिवस भरत आले होते आणि मला ती घाई कळत नव्हती. मला वाटायचं, म्हाताऱ्याला खेळणं मिळालंय.

ती घाई मला त्या सकाळी कळली. त्यांच्या बनियनला घामानं पाठ चिकटली होती.

"आवं, एखादं तरी नाव आठवा!"

"दोनशे बारा."

"ते नाव हाय का?"

"नोंद क्रमांक. डावखुरा आहे. टोचताना तोंड फिरवत नाही. चहात दोन चमचे साखर घेतो."

"गाव?"

"गाव मशीन लक्षात ठेवतं म्हणून मी ठेवलं नाही." मग पडद्यावरची ओळ मराठीत वाचायला लागले. "चौथी वाचता येत नाही म्हणतंय. सोडून देऊ, की पुन्हा बघू? पुन्हा बघ. पुन्हा बघ की बाबा!"

चौथी. चार दिवसांत मी पहिल्यांदा नीट ऐकलं.

खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजायची असतात. व्याह्यांना देवाधर्माचं काही नाही, म्हणून मीच पुजली होती. विळी, पक्कड, त्यांचा टेलिफोनचा जुना स्क्रू-ड्रायव्हर, नवा संगणक, आणि या चार फ्लॉप्या. तिघींना वरून हळद-कुंकू लावलं. चौथीला लावताना अंगठ्याखाली तिची पत्र्याची झडप सरकली आणि आत काळंभोर चकचकीत काहीतरी दिसलं. मला वाटलं, देव आत आहे, बाहेर नुसतं दार. दारावर कुंकू लावून काय उपयोग? आत दोन बोटं चांगली दाबून लावली. झडप आपोआप मिटली. वरून काही दिसत नव्हतं.

मी सांगितलं. एका दमात सांगितलं, कारण थांबले असते तर सांगता आलं नसतं.

त्यांनी चौथी बाहेर काढली, झडप सरकवली. आत हळद. आमच्या सांगलीचीच, मी येताना आणलेली. मी म्हटलं, "शिव्या मागनं घाला."

"फुलवाती आहेत का?"

निरांजनाच्या फुलवाती आणून दिल्या. टेलिफोनचे सांधे पुसायची त्यांची स्पिरिटची बाटली होती. त्यांनी एका हातानं झडप धरून ठेवली. मग मीच पुसलं आणि ते चकती केसभर-केसभर फिरवत गेले. देवापुढं लावायच्या फुलवातींनी मी देवाचं कुंकू पुसत होते. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. फुंकर मारली, सुकू दिली, आत घातली. यंत्र करकरलं. अडलं. त्यांनी पुन्हा बघायला सांगितलं. करकरलं, आणि पुढं गेलं.

नावांची फ्लॉपी वेगळी होती, जुनं यंत्र चालू असतानाच उतरवून घेतलेली. ती कायम त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायची, म्हणून माझ्या पूजेतून सुटली. दोनशे बारा निघाला कोरेगावचा, पिठाच्या गिरणीवरचा. फोन लावला. पलीकडून गिरणीची घरघर ऐकू येत होती. व्याह्यांनी दुर्मीळ गट वगैरे काही सांगितलं नाही. म्हणाले, "माझी सून आहे." तो अर्ध्या तासात मोटारसायकलवर आला, भुवयांवर पीठ तसंच.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा लेकीनं डोळे उघडले नव्हते. व्याही दाराशी उभे राहिले, आत आले नाहीत. बाटली लागली, निम्मी उतरली, तेव्हा ती म्हणाली, "आये, पाणी." ते बाहेरून म्हणाले, "विचारून द्या हो, खात्री करून."

मला त्यांनी कधी शिव्या घातल्या नाहीत. उलट दुसऱ्या दिवशी कोरी वही आणून पुढ्यात ठेवली. "लिहा, विहीणबाई. तुमचं अक्षर मोठं आहे." आठ दिवस ते पडद्यावरून वाचत होते आणि मी लिहीत होते. पुढच्या खंडेनवमीला चारही फ्लॉप्या प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून, तोंडं मेणबत्तीनं चिकटवून आणून दिल्या. "आता लावा काय लावायचं ते." मी वरूनच लावलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते गेले. झोपेतच गेले, कुणाला रक्त मागायची वेळ आली नाही. सकाळी फोनच्या रिसीव्हरचा आवाज आला नाही, म्हणून लेक खोलीत बघायला गेली. आता मी साताऱ्याला गेले की सकाळी उगाच तो उचलून कानाला लावते. आहे का ते बघते आणि ठेवते.

लेकीच्या दवाखान्याच्या कागदांवर त्यांची चिठ्ठी अजून आहे. गोंद वाळलाय, अक्षर फिकट झालंय. 'सूनबाई. चालू. खात्री केली.'

व्याही गेले. लेक जगली.