कातड्यावरचं भोक

वनखात्याच्या बचाव पथकात राहिलं की अंगाला दोन गोष्टी चिकटतात, गोचिड्या आणि किस्से. गोचिड्या निदान रॉकेल लावून काढता येतात! आमचं काम म्हणजे बहुतेक वेळ वाट पाहणं. बिबट्या कुणाच्या तरी घरात शिरून बसलेला असतो, आम्ही बाहेर जीपमध्ये बसलेलो असतो, आणि तेवढ्यात कोणीतरी म्हणतं, "कुंदाबाई, थे सिंदेवाहीवालं सांगा ना!"

मी वनरक्षक. सगळी नोकरी चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात झाली, शेवटची काही वर्षं या पथकात. पथक म्हणजे काय, तर बेशुद्धीचं औषध भरणारे लांजेवार डॉक्टर, गाडी चालवणारा शालिक, पंचनामे लिहिणारी मी आणि बंदूक धरणारे गणूभाऊ मडावी. गणूभाऊ धानोऱ्याकडचे. वनमजूर म्हणून लागले, पण नेम पाहून साहेबांनी त्यांच्या हातात डार्टची, म्हणजे बेशुद्धीची सुई मारायची, बंदूक दिली. बहुतेक किस्से त्यांचेच. हसत सांगायला घेते, संपता संपता हसू कुठे जातं ते कळत नाही.

*

गणूभाऊंचे वडील शिकारी. शिकारबंदीचा कायदा यायच्या आधीची गोष्ट ही. कोल्हे मारायचे आणि कातडी विकायचे. घरात ठासणीची भरमार बंदूक.

"माह्या बापाचं एकच म्हननं," गणूभाऊ सांगायचे. "छर्रे भरून मारलं तं कोल्हा पक्का मरते, पन कातड्याची चाळनी होते. चाळनी तं घरीच हाये, बजारात कोन घेईन!"

म्हणून म्हातारा एकच बारीक गोळी भरायचा आणि मनासारखा नेम मिळेपर्यंत तास-तास थांबायचा. एकदा त्यानं आणलेल्या कातड्यावर भोकच सापडेना. व्यापारी उलटून पालटून दमला. "मारला कशानं बुवा?"

म्हातारा म्हणाला, "नजरेनं!"

मी विचारलं, "गणूभाऊ, खरं काय होतं?"

"खरंच सांगतलं त्यानं. गोळी डोळ्यातून गेलती."

एवढं सांगून गणूभाऊ हसतात. म्हातारा शेवटची पाच-सहा वर्षं ठार आंधळा होता, हे ते सांगत नाहीत. ते मला शालिकनं सांगितलं.

*

लांजेवार डॉक्टर नवीन होते तेव्हाचं. सिंदेवाहीजवळच्या एका गावात बिबट मादी गोठ्यात अडकली होती. डॉक्टरांच्या हातात तक्ता. एवढ्या अंतराला एवढं प्रेशर, अगदी रकाने पाडून! गणूभाऊंनी तक्त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बंदुकीतल्या हवेचं प्रेशर कमी केलं.

"गणूभाऊ, पुस्तकात असं नाहीये!"

"साहेब, पुस्तकातल्या बिबट्याचं कातडं कागदाचं असते."

प्रेशर जास्त झालं की डार्ट नुसता टोचत नाही, आत घुसतो. मांस फाटतं, हाडसुद्धा जायचं. कमी पडलं तर आपटून खाली पडतो. मग उपाय एकच, जवळ जायचं! गणूभाऊ दाराच्या फटीपाशी जाऊन गुडघ्यावर बसले. पहिला डार्ट खाली पडला. मादी दारावर अशी आदळली की फळ्या हलल्या आणि डॉक्टर शेणात बसले. गणूभाऊंनी दुसरा भरला. तो मांडीत बसला.

ती झोपल्यावर डॉक्टरांनी डार्ट काढला. मोहरीएवढं भोक आणि रक्ताचा एक थेंब. गणूभाऊ उकिडवे बसून तिच्या कानाशी म्हणाले, "माफ कर बाई, भोक पाडलं तुले."

गोठ्याची मालकीण दारात उभी होती. म्हणाली, "माह्या चार बकऱ्या फाडल्या तिनं. त्यायची माफी कोन मागन जी?"

गणूभाऊ उठले, रिकाम्या दाव्यांकडे तोंड केलं आणि हात जोडले.

*

कुरखेड्याकडे रानडुकरांनी धान आडवं केलं म्हणून मारायची रीतसर परवानगी निघाली. नागपूरहून एक हौशी नेमबाज आला. कडक इस्त्रीचे कपडे, आणि बंदूक अशी चकचकीत की शालिक तिच्यात भांग पाडून घेईल!

त्यानं खाटेवर गोळ्यांचा डबा उघडला आणि वर्गच घेतला. "ही आत जाऊन फुलते. ही आरपार जाते, बारीक भोक. आणि ही माझी फेवरिट, कातडं अजिबात खराब होत नाही!"

गणूभाऊ म्हणाले, "कोनाचं कातडं जी?"

"डुकराचं."

"थे तं खड्ड्यात पुराचंच हाये ना? मंग त्याचं काय करता?"

"करायचं काही नाही हो. पण कामात सफाई पाहिजे!"

शेताची मालकीण सोमाबाई चहा देत होती. तिनं कप खाली ठेवला, आत गेली आणि नवऱ्याला दंडाला धरून बाहेर आणलं. म्हाताऱ्याला चालताना पाय ओढावा लागत होता. तिनं त्याचं धोतर वर केलं. गुडघ्यापासून वरपर्यंत टाक्यांची दोरी. मागच्या हंगामात डुकराचा सुळा लागला होता.

"सफाई पाहाची हाये का? हे पाहा!"

नेमबाजानं डबा बंद केला. तीन दिवस तो बांधावर बसला, डुक्कर फिरकलं नाही. सुट्टी संपली म्हणून तो गेला आणि चौथ्या दिवशी सकाळी उरलेलं धानही लोळलेलं होतं. सोमाबाईचा फोन आला तेव्हा मला वाटलं रडेल. म्हणाली, "त्यायले सांगा, डुकरायचं कातडं मस्त हाये. एक भोक नाई!"

*

रस्त्यावरच्या तपासणीत एका गाडीत बिबट्याचं कातडं सापडलं. ऑफिसच्या टेबलावर पसरलं तेव्हा सगळे फोटो काढायला गोळा झाले. नवे साहेब बोलून गेले, "काय सुंदर पीस आहे!" आणि स्वतःच ओशाळले.

मी पंचनामा लिहीत होते. "गणूभाऊ, गोळीचं भोक कुठी हाये, सांगा."

गणूभाऊंनी सुरुवात डोळ्यांपासून केली. मग मान, छाती, पोट. बोटांनी केस विंचरून पाहिले. कातडं उलटं केलं. पुन्हा सुलटं केलं. मग खुर्चीवर बसले.

"लिहा, भोक नाई."

साहेब म्हणाले, "म्हणजे चांगलंच झालं की, पुरावा शाबूत आहे."

"चांगलं काऊन जी? गोळी लागली असती तं पटकन मेलं असतं." त्यांनी कातड्यावर हात ठेवला. "हे तारेच्या फाश्यात गेलं. लय वेळ लागला असन याले."

मग कुणी फोटो काढले नाहीत.

*

तीच केस दोन वर्षांनी कोर्टात उभी राहिली. कातडं तोवर आमच्या स्टोअररूममध्ये गाठोड्यात पडून. मी साक्षीला. आरोपीच्या वकिलानं कातडं उचललं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. त्यातून पलीकडचं झाड दिसत होतं!

"पंचनामा तुमच्याच हातचा? 'कातड्यावर कुठेही छिद्र नाही', असं लिहिलंय. मग हे काय?"

"उंदरायनं खाल्लं जी."

"उंदरांची साक्ष नोंदवली का?"

सगळं कोर्ट हसलं. खोटं कशाला बोलू, मलाही हसू आलं. मग तो शांतपणे म्हणाला, "महाराज, पंचनाम्यातलं कातडं वेगळं आणि हे वेगळं." आरोपी सुटला. जाताना मला नमस्कारही करून गेला.

गणूभाऊ बाहेर पायरीवर बसले होते. मी निकाल सांगितला. ते बराच वेळ तंबाखू मळत राहिले, पण तोंडात टाकली नाही.

"कुंदाबाई, भोकं पडली, पन मेल्यावर पडली. जित्तेपनी एक पडलं असतं तं सुटलं असतं बिचारं."

*

आता मी स्वतःहून कधी काढत नाही, पण लोक हटकून विचारतात तो किस्सा.

तळ्यात मासे धरणारा देवराव आणि त्याची बायको पार्वता. ती मोहफुलं वेचायला गेली आणि वाघिणीनं तिला नेलं. मी पंचनाम्याला होते. टोपली सरळ उभी होती, अर्धी भरलेली. एवढंच सांगते.

वरून आदेश आला, बेशुद्ध करून पकडा. आठवडाभर आम्ही तिथेच होतो. देवराव रोज सकाळी यायचा, गाडीच्या टपावर हात ठेवून उभा राहायचा. गणूभाऊंना म्हणायचा, "गोळी मारा जी. चाळनी करा तिची."

"आर्डर नाई देवराव."

"माह्या बाईले मारासाठी तिच्यापाशी कोनती आर्डर होती?"

गणूभाऊ मान खाली घालून बंदूक पुसायला घ्यायचे. देवराव निघून जायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

आठव्या दिवशी दुपारी नाल्याकाठी वाघीण दिसली. गणूभाऊंनी डार्ट मारला. ती थोडं चालली, बसली, मग आडवी झाली. डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांवर फडकं टाकलं, डार्ट काढला, अंगावर पाणी ओतलं. पिंजऱ्याची गाडी नाल्यापलीकडे चिखलात अडकली होती, शालिक ती काढायला धावला. गावकरी दूर थांबवले होते.

देवराव कुठून आला, कळलं नाही. खांद्यावर कुऱ्हाड. मी दोन्ही हात पसरून आडवी झाले. "देवरावभाऊ, नाई! असं करू नोका!" डॉक्टर जागेवरच थिजले. गणूभाऊ मात्र मला म्हणाले, "येऊ द्या त्याले."

देवरावनं कुऱ्हाड गवतावर ठेवली. वाघिणीच्या पाठीशी येऊन बसला. खूप वेळ तिच्याकडे पाहत राहिला. तिचा श्वास चालू होता, पोट वरखाली होत होतं.

"मारलं कुठी?"

गणूभाऊंनी मांडीवरचे केस बाजूला केले आणि बोटानं जागा दाखवली. तिथं माश्या बसायला लागल्या होत्या.

देवराव वाकला. अगदी जवळून पाहिलं.

"एवढंच?"

नाल्यापलीकडे गाडीचं इंजिन घोंघावत होतं. देवरावनं खांद्यावरचा दुपट्टा काढला, त्याची घडी केली आणि गाडी येईपर्यंत त्या जागेवरच्या माश्या हाकलत बसला.