सहा वाजून बारा मिनिटांची नोंद

कोण कसा माणूस आहे, हे लॉगभाईंना विचारलं तर ते सांगत नसत. "नऊ चारला बसतो, पाच चाळीसला उठतो," एवढंच सांगत. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत ते युनिक्स सर्व्हर सांभाळायचे. सर्व्हरला अकरा टर्मिनल, म्हणजे स्क्रीन आणि कीबोर्ड, जोडलेले होते. कोण किती वाजता आत आलं, कोणत्या टर्मिनलवरून कोणती कमांड दिली, कधी बाहेर पडलं, हे सगळं सर्व्हर टिपून ठेवायचा. त्याला लॉग म्हणत, म्हणून ते लॉगभाई. रोज सकाळी आदल्या दिवसाची यादी छापून ते मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर ठेवत.

"भाई, चहाला गेले तेपण लिहिता का?" शेजारच्या टर्मिनलवरच्या सुरेखाताई टोमणा मारत.

"चहा दोनदा प्या ना ताई. मशीन उघडं टाकून जाऊ नका, बस्स. मंग तुमच्या नावावर कोण काय करून राह्यलं, ते सर्व्हरला कळत न्हाई."

संध्याकाळी ते सगळे टर्मिनल फिरून पाहत. एखादा उघडा, म्हणजे कुणाच्या नावानं चालूच, राहिला तर स्वतः बंद करत आणि कीबोर्डवर चिठ्ठी ठेवत. पहिल्या चार महिन्यांत मला सात चिठ्ठ्या मिळाल्या. अंबडची बस गाठायच्या घाईत मी तसाच उठायचो. मी सहा महिन्यांच्या बोलीवर लागलेलो होतो. बियाण्यांच्या उगवण चाचणीचे आकडे भरायचं काम होतं. कायम होईन की नाही, याचीच घरी रोज चर्चा.

पाचव्या महिन्यात एका सकाळी दोन दिवसांचे चाचणीचे आकडे सर्व्हरवरून गायब झालेले दिसले. साहेबांनी मला बोलावलं. समोर छापील यादी. माझ्या नावापुढे फाइली पुसल्याची कमांड, माझाच टर्मिनल चार, वेळ संध्याकाळी सहा बारा.

"साहेब, मी तर पावणेसहाच्या बसनं गेल्तो."

"यादीत दुसरं कुणाचं नाव आहे का?"

दुसरं नाव नव्हतं. साहेबांनी भाईंना बोलावून यादी पुढे केली. त्यांनी ती वाचली, पुन्हा वाचली आणि बाहेर गेले. मला वाटलं, संपलं. पाच मिनिटांनी ते गेटचं रजिस्टर घेऊन आले.

"हा पाच अडतीसला गेटबाहेर गेल्ता, साहेब. ह्याचं मशीन उघडं होतं. डिस्क भरली होती, जल्दीत मीच तिथं बसलो आणि जुन्या फाइली पुसल्या. फोल्डर चुकलं. नाव ह्याचं हाय, बोटं माझी."

खिशातलं पेन काढून त्यांनी यादीत माझं नाव खोडलं, शेजारी स्वतःचं लिहून सही केली.

आकडे मी कागदावरून दीड दिवसात पुन्हा भरले. सातव्या महिन्यात कायम झालो. सर्व्हरचा मुख्य पासवर्ड मात्र भाईंकडून काढून घेतला आणि त्यांना खालच्या गोदामात पाठवलं.

ते आपलं सामान उचलत होते तेव्हा मी त्यांना म्हणालो, "भाई, गप बसला असता तर कुणाला कळलं नसतं."

"मला कळलं असतं ना. मंग रोज सकाळी तीच यादी कोणत्या तोंडानं छापली असती?" ते म्हणाले, आणि खाली जाताना टर्मिनल चारकडे बोट दाखवलं. तो मी पुन्हा उघडाच टाकून आलो होतो.