जालिया मावशीची मादी

जायफळांच्या बेटावरच्या लोन्तोर गावात पोट दुखलं की माणूस आधी जालिया मावशीकडे जायचा, मग मशिदीत. मावशी दगडावर जायफळ उगाळायची, बोटभर चाटवायची, उरलेलं बेंबीभोवती चोळायची आणि वर दोन शिव्या हासडायची. निम्मा गुण शिव्यांचाच, असं गावाचं मत.

सात वर्षांपूर्वी याच मावशीनं विहिरीवर, चारचौघांत, जायफळाचं ताजं बी कानाशी धरलं, ऐकलं आणि सांगून टाकलं, "मादी आहे."

जायफळाचं झाड नर की मादी, हे ते फुलेपर्यंत अल्लाशिवाय कुणाला कळत नाही. शेजारचा हाजी मुस्तारी फिस्सकन हसला. झालं, मावशीचं टाळकं सरकलं. "नर निघालं तर माझ्या हातानं तोडीन. आणि पुन्हा कुणाच्या पोटाला हात लावणार नाही."

ते बी तिनं अंगणात, हाजीच्या कुंपणाशी लावलं. आता त्याचं झाड फुललं. मादीला देठाला एखाददुसरं फूल, फार तर तीन. मावशीच्या झाडाला आठ-आठ फुलांचे घोस, इवल्या पिवळट घंटांचा नुसता बाजार. नर. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत नर.

मावशीनं स्टूल आणलं आणि घोसात एकेक फूल ठेवून बाकीची खुडायला घेतली. चौथ्या सकाळी कुंपणावरून हाजीचा आवाज आला.

"मावशी, उवा काढताय का त्याच्या?"

"कीड लागलीय."

"मोजून एकेक फूल सोडते? शिस्तीची दिसते."

दुपारपर्यंत गावभर झालं. नुर्सियाचं तान्हं पोटदुखीनं रडत होतं, तर ती त्याला घेऊन सरळ होडीत बसली, पलीकडच्या बेटावर दवाखान्यात. जाता जाता म्हणाली, "जिला झाडाचं कळत नाही, तिला पोटाचं काय कळणार?" ते मावशीच्या वर्मी लागलं. हाजीचे दुखरे गुडघेही तिच्याकडे यायचे बंद झाले.

तरी झाड तोडायला तिचा हात उठेना. आधी रोजे आडवे आले, मग कुऱ्हाडीला धार नव्हती, मग दांडा ढिला निघाला. दोन महिने असे काढल्यावर एका शुक्रवारी नमाजानंतर सगळं गाव आपणहून तिच्या अंगणात येऊन बसलं. आता सुटका नव्हती. मावशीनं पदर खोचावा तसं लुंगीचं टोक खोचलं आणि कुऱ्हाड उचलली.

तेवढ्यात हाजी आपल्या बागेतून एका हातानं लुंगी सावरत, दुसऱ्या हातात फांदी नाचवत पळत आला. फांदीवर हिरवी बारकी फळं लगडलेली. या शहाण्यानं तीन वर्षांपूर्वी बागेतले सगळे नर तोडले होते. म्हणे, फुलतात फार, देत काही नाहीत, जावयासारखे. तेव्हापासून झाडं वांझ, आणि दोष कधी समोरच्या ज्वालामुखीला, कधी मावशीच्या नजरेला. आता मावशीच्या नराजवळची, कुंपणालगतची झाडं तेवढी फळांनी वाकली होती.

"मावशी, कुऱ्हाड खाली ठेवा."

"शब्द दिलाय मी."

"माझ्या बावीस बायका विधवा होतील हो."

मागून हाजीच्या बायकोनं शांतपणे विचारलं, "किती?"

गाव हसून लोळलं. मावशी नाही हसली. "आधी सांग, मी उवा काढत होते?"

"नाही. कीडच होती. शिस्तीची."

"आणि पोटाचं?"

"तुमच्याइतकं या बेटावर कुणाला कळत नाही. माझे गुडघे साक्षीला आहेत."

मावशीनं कुऱ्हाड खाली ठेवली. दुसऱ्याच दिवशी नुर्सिया मान खाली घालून तान्ह्याला घेऊन आली. मावशीनं तिला चार शिव्या दिल्या, दोन मागच्या बाकी.

फळं पिकून उकलली, आतून लालभडक जायपत्री दिसायला लागली, तसा हाजी एक ताजं बी घेऊन हजर झाला. बागेच्या पलीकडच्या टोकाला त्याला नर हवा होता, पण तसं तो बोलला नाही.

"ऐकून सांगा मावशी, काय निघेल?"

मावशीनं बी कानाशी धरलं, डोळे मिटले. "मादी. लिहून ठेव."

हाजीचा चेहरा उजळला. तिच्या हाताचं चुंबन घेऊन तो खड्डा खणायला पळत सुटला.

"बघ," मावशी झाडाला म्हणाली, "आता कसा विश्वास बसला मेल्याचा."