पाठीवर सात किलो

कोणतीही वस्तू हातात आली की बाई ती तळहातावर दोनदा झेलत आणि विचारत, "ह्याच्यावाचून अडतंय का?" मग ती पिकली पपई असो नाहीतर लग्नाची जाडजूड पत्रिका. अडत नसेल तर ती वस्तू बाईंच्या लेखी संपली. एकदा मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, परिपत्रकांचा गठ्ठा त्यांच्या हाती दिला. बाईंनी तो झेलला, आपला प्रश्न विचारला आणि गठ्ठा मोठ्या बाईंच्याच टेबलावर परत ठेवला.

सोलापुरातल्या मुलींच्या शाळेत त्या भूगोल शिकवत आणि मी शिवण. त्यांनी चाळिशी ओलांडली होती, मी नुकतीच नोकरीला लागले होते. लग्न त्यांनी केलं नव्हतं. मूळच्या माळशिरसकडच्या शेतकरी घरातल्या. वर्गात बोलणं अगदी पुस्तकी, पण राग आला की गावाकडची बोली बाहेर पडायची. "न्हाय म्हंजे न्हाय!" हा आवाज जिन्यापर्यंत आला की मुली न सांगता रांगेत उभ्या राहत. राग त्यांना रोज येई. मलाही रोज येतो, म्हणूनच आमचं जमलं असावं.

एकदा आमची सहल विजापूरला गेली होती. गोलघुमटाच्या पायऱ्यांवर एक गोरी मुलगी केळं खात बसली होती आणि शेजारी तिची पाठपिशवी. बाई सरळ जाऊन तिच्याजवळ बसल्या. मुलगी हॉलंडची होती. एवढ्या एका पिशवीवर ती वर्षभर देशोदेशी हिंडत होती. परतताना सोलापूरचा जकातनाका आला तेव्हा बाई एकदम म्हणाल्या, "ती पोरगी हिकडं येती, तर मी तिकडं का न्हाय जायचं?"

हे नुसतं बोलणं असेल असं मला वाटलं. बाईंनी मात्र त्या दिवसापासून पैसे साठवायला घेतले, पासपोर्टसाठी अर्ज केला. चौकशीला हवालदार आला तेव्हा मी तिथंच होते. त्यानं विचारलं, "परदेशात कुणाकडं चालला?" बाई म्हणाल्या, "कुणाकडं नाही. बघायला चाललेय." काय लिहावं ते त्या बिचाऱ्याला कळेना. शेवटी त्यानं चहा घेतला आणि गेला. एकाहत्तरच्या लढाईनंतर पाकिस्तानातून जाणारी वाट बंदच होती. म्हणून बाईंनी मुंबईहून बोटीनं बसरा आणि तिथून बसगाड्या बदलत तुर्कस्तान, पुढं युरोप असा बेत ठरवला. सगळं सामान मिळून सात किलो, त्यावर एक तोळाही नाही, हाही ठराव तेव्हाच झाला.

त्यांची पाठपिशवी मी शिवली. तशी पिशवी तेव्हा सोलापुरात विकत मिळत नव्हती. गिरणीतलं जाड कापड त्यांनी आणलं आणि माझ्या यंत्राशेजारी ठाण मांडून बसल्या. मी बाहेरून एक खिसा बेतला तर म्हणाल्या, "खिसा कशाला? खिसा असला की भरावासा वाटतो." अस्तरही त्यांनी काढायला लावलं. खांद्याचे पट्टे तेवढे मनासारखे होईपर्यंत मला उसवायला लावले. मी चिडून सुई फेकली, त्यांनी ती शोधून परत हातात दिली.

मग वजनं सुरू झाली. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या तराजूत बाईंचा संसार चढू लागला. साबणाची अर्धीच वडी, दात घासायच्या ब्रशचा दांडा कापलेला. एक ॲल्युमिनियमचा पेला, त्यातच चहा, त्यातच आमटी आणि अंघोळीलाही तोच. लुगडी जड पडतात म्हणून दोन नायलॉनच्या साड्या घेतल्या. त्यावरून त्यांच्या शेजारच्या अक्का रुसल्या. अक्कांच्या घरी माग होते. "काय ओ बाई, सोलापूरची असून नायलॉन? लोकं आम्हाला काय म्हणतील?" असं म्हणत त्यांनी घरच्या मागावरची भलीमोठी चादर बाईंच्या खांद्यावर घातली. बाईंनी ती तशीच काढून अक्कांच्या खांद्यावर घातली. "तुम्हीच पांघरा. मी आल्यावर मागून घेईन." अक्का आधी रडल्या, मग हसल्या.

सकाळी सकाळी पिशवीत सात किलो ज्वारी भरून बाई सिद्धेश्वर तळ्याला फेऱ्या मारत. गिरणीचा भोंगा व्हायच्या सुमारास कामाला निघालेले लोक थांबून बघत. टवाळ पोरं ओरडत, "बाई, पिठाची गिरणी मागं राहिली की!" बाई मागं वळून म्हणत, "दळून देतोस का?" पोरं पळत. मला हसू यायचं आणि त्यांचा हेवाही वाटायचा.

आता ज्या गोष्टीनं माझं डोकं आजही तापतं, तिच्याकडं येते. कुणी परदेशी निघालं की आपल्याकडं लोकांना काय होतं, ते तुम्हीही पाहिलं असेल. जाणारा माणूस म्हणजे फुकटची मालगाडी. बाई लंडनपर्यंत पोचणार ही बातमी फुटली आणि शेंगाचटणीच्या पुड्या, लोणच्याच्या बरण्या, मेतकूट, भाच्याला स्वेटर, जावयाला धोतरजोडी अशी रीघ लागली. "एवढंच की हो बाई, त्यात काय वजन?" असं प्रत्येक जण म्हणे. बाई प्रत्येकाला तेच सांगत, "न्हाय म्हंजे न्हाय." गावात बभ्रा झाला की ही बाई मोठी मिजासखोर. ज्यांना स्वतःची पिशवी बाजारातून घरी आणायला पोरगं लागतं, ते लोक हे म्हणत होते.

सगळ्यांना नाही म्हणता आलं, एका माणसाला आलं नाही. आमच्या संस्थेचे अध्यक्ष. त्यांना सगळे 'मालक' म्हणत. बाईंच्या बिनपगारी रजेवर त्यांची सही व्हायची होती. एका दुपारी ते स्वतः शिक्षकांच्या खोलीत आले. आम्ही सात-आठ जणी होतो, मोठ्या बाई होत्या. मालकांनी तोंडाला डाख देऊन पक्का बंद केलेला पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बाई, लेक लंडनला बाळंत झालीया. डिंकाचे लाडू हैत. येवढं न्यावं लागंल."

बाईंनी डबा उचलून झेलला. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "लाडू एवढे जड?"

"आमच्या मालकिणीचा हात सढळ हाय," मालक म्हणाले. खोलीत हशा पिकला.

"डबा उघडून द्या," बाई म्हणाल्या. "वरचे थोडे नेते. कागदात बांधून."

हसू थांबलं. मालकांचा आवाज अगदी मऊ झाला. "का बाई? इस्वास न्हाय व्हय आमच्यावर?" आणि मोठ्या बाई लगबगीनं पुढं होऊन म्हणाल्या, "अहो बाई, असं काय करता! आईच्या हातचं बाळंतिणीला जातंय." बाकीच्या जणींनी माना डोलावल्या. बाळंतीण म्हटल्यावर आपल्यात कुणाची टाप आहे नाही म्हणायची? बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "उघडा ना, दोन मिनिटांचं काम आहे." माझ्याकडं कुणी लक्षही दिलं नाही. मालकांनी खिशातून पेन काढलं, रजेवर सही केली आणि डबा बाईंकडं सरकवला.

डब्यासाठी जागा करायला बाईंनी पिशवीतून आपला एकुलता स्वेटर काढला. थंड देशात निघालेल्या बाईनं दुसऱ्याच्या लाडवांसाठी स्वेटर काढला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पुढचं मला बाईंनीच सांगितलं. मुंबईच्या बंदरात कस्टमच्या माणसानं पिशवी पाहून त्यांचं कौतुक केलं. एवढ्या कमी सामानात जाणारं माणूस पहिल्यांदाच बघतोय म्हणाला. मग डबा पाहिला, हलवला, कापला. लाडू एकेक करून फोडले. पोटात सोन्याच्या अंगठ्या निघाल्या, गोफ निघाला. त्या काळी बाहेर सोनं नेणं म्हणजे गुन्हा. बाईंनी सांगितलं, "हे माझं नाही." तो म्हणाला, "सगळे हेच सांगतात." बोट सुटली तेव्हा बाई बंदरावरच्या खोलीत जबाब देत बसल्या होत्या. सोनं जप्त झालं, पासपोर्ट ठेवून घेतला आणि खटला होईपर्यंत गाव सोडायचं नाही असं बजावून त्यांना परत धाडलं.

मला वाटलं होतं, निदान आता तरी मालक मान खाली घालतील. कसलं काय! ते म्हणाले, "डबा? कसला डबा?" शाळेत चौकशी बसली. त्या दुपारी खोलीत असलेल्या एकेकीला बोलावलं. एकीला डबा आठवत होता पण कुणी दिला ते आठवत नव्हतं. दुसरी म्हणे वह्या तपासत होती. मोठ्या बाईंना तर तो दिवसच आठवेना. मी जे पाहिलं ते सांगितलं, डबा टेबलाच्या कोणत्या कोपऱ्यात ठेवला तेही सांगितलं. माझं म्हणणं 'नवीन शिक्षिकेचा गैरसमज' ठरलं आणि त्या वर्षी मला नोकरीत कायम केलं नाही. करू नका म्हणावं.

त्या बायका वाईट नव्हत्या. कुणी आजारी पडलं तर डबा घेऊन धावत जाणाऱ्या होत्या. म्हणूनच मला जास्त संताप येतो. भेटल्या की कुजबुजत, "जाऊ दे गं, समजुतीनं घ्यावं." आणि मोठ्या बाई एकदा सगळ्यांदेखत बाईंना म्हणाल्या, "मुळात एवढ्या लांब जायची गरजच काय होती तुम्हाला?" म्हणजे गुन्हा कुणाचा, तर जग बघावंसं वाटलं तिचा.

शेवटी मालकांनी बाईंना ऑफिसात बोलावलं. सोबत मीही गेले, कुणी बोलावलं नसताना. मालक समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, सोनं माझंच, आईकडनं आलेलं, येवढं म्हणा. दंड आमी भरतो. नोकरीला धक्का न्हाय. कशाला वाढवायचं?"

बाई उभ्याच होत्या. "माझ्या अंगावर गुंजभर सोनं न्हाय," त्या म्हणाल्या, "आन् तुमचं सोनं मी माझं म्हणू व्हय? जल्मभर मी दुसऱ्याचं काय उचललं न्हाय. एकदा उचललं, त्ये तुमच्या लेकीच्या तोंडाकडं बघून. त्ये वझं तुमचं हाय मालक. तुमीच उचला." आणि राजीनामा देते म्हणून सांगून त्या बाहेर पडल्या. बाहेर सगळ्या जणी उभ्या होत्या. त्यांनी वाट दिली.

खटला रेंगाळला आणि शेवटी पुराव्याअभावी बाई सुटल्या. पासपोर्ट काही परत आला नाही. कचेरीत गेलं की पुढच्या महिन्यात या म्हणत. बाईंनी दोन-चार खेपा घातल्या आणि एक दिवस माझ्याकडं येऊन म्हणाल्या, "नेपाळला पासपोर्ट लागत न्हाय. भूगोल शिकवून एवढं तरी आपल्याला ठावं हाय की."

त्यांना पोचवायला स्टेशनवर मी एकटीच होते. त्यांचा गावाकडचा भाऊ आला नाही. खटल्यापासून त्यानं म्हणे बहिणीचं नावच टाकलं होतं. निघताना माझ्या आईनं दशम्या बांधून दिल्या होत्या, त्या मी मुद्दाम दारातच ठेवून आले. रिकाम्या हातानं कुणाला पोचवायला मी त्याआधी कधी गेले नव्हते. हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. बाईंनी माझ्या हातांकडं पाहिलं, मागं काही लपवलंय का तेही पाहिलं. मग पिशवी पाठीवरच ठेवून त्यांनी मला घट्ट मिठी मारली. "शहाणी हैस," एवढंच म्हणाल्या. गाडी लांबपर्यंत दिसत होती, त्या दारातच उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत चौकशी झाली. "काय दिलंस गं बाईंना?" मी म्हटलं, "काही नाही." लगेच सगळ्यांचे चेहरे पडले. "अगं, एवढ्या लांब निघाल्या आणि रिकाम्या हातानं पाठवलंस? निदान चिवडा तरी..." माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते मोठ्या बाईंच्या खोलीपर्यंत गेलं असेल. त्यातलं सभ्य तेवढं सांगते. मी म्हटलं, "तुम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना पुष्कळ दिलंत. माझं देणं असू दे एवढंच!" तास सुरू व्हायची घंटा झाली.

बाईंनी राजीनामा दिल्यापासून त्यांचे तास शिवणाच्या बाईंना, म्हणजे मला, दिले होते. सहावीच्या वर्गात गेले. पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "भूगोलाच्या बाई काल गाडीनं कुठं गेल्या?" भिंतीवर नकाशा होता. मी नेपाळवर बोट ठेवलं. "तिथून पुढं कुठं जाणार?" तिनं विचारलं. मला ते माहीत नव्हतं. आजही माहीत नाही, कारण बाई परत आल्याच नाहीत. मी बोट तसंच ठेवून उभी राहिले आणि मुली त्या बोटापलीकडचे पिवळे, हिरवे देश वाचू लागल्या.