रेक्टर सरांची कोपनहेगनमधली पाहणी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी राहुरीच्या आमच्या वसतिगृहाचे रेक्टर सर, असं सांगेन. आईवडिलांना त्याचं वाईट वाटणार नाही, कारण तेही हेच सांगतील. वडील लोकांच्या उसाला पाणी भरायचे. त्यांचा मुलगा इंजिनिअर झाला त्यात कुणाचा हात होता हे त्यांना पक्कं माहीत आहे. तो हात पाठीवर कमी आणि कानावर जास्त पडला, एवढंच. सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण सबंध जग हे एक मोठं वसतिगृह आहे, त्याला रेक्टर नेमायचा राहून गेला आहे आणि तोवर ते काम आपल्यालाच बघायचं आहे, अशी त्यांची ठाम समजूत आहे. एसटीत चढले की ते आधी उभी माणसं मोजतात. लग्नाला गेले तर नवरानवरीकडे न बघता, ‘शेवटच्या पंगतीला भाजी गेली का?’ म्हणून ओरडतात. एकदा दवाखान्यात त्यांना सलाईन लावलं होतं, तर बाटलीचा स्टँड ढकलत त्यांनी वॉर्डभर फिरून कुणाच्या खाटेखाली काय आहे ते तपासलं आणि एका म्हाताऱ्याला नखं कापायला लावली.

वसतिगृहात मी खोली नंबर सहामध्ये होतो. सरांचा पहिला नियम वळकटीचा. पहाटे पाचला उठायचं, अंथरुणाची घट्ट वळकटी करून सुतळीने बांधायची, खोली झाडायची, सामान दाराआड लावायचं. सर म्हणायचे, “खोलीत मानूस ऱ्हातो ह्याचा पुरावा दिसला न्हाई पायजे.” दुसरा नियम त्यांच्या स्वतःपुरता होता. शेवटच्या मुलाचं जेवण झाल्याशिवाय ते ताटाला हात लावत नसत. शंभर मुलं जेवायची आणि सर दारात उभे. मग पातेल्यात उरेल ते खायचं, तेही उभ्यानेच. आमटी संपलेली असली तर भाकरी आणि मीठ. सहा वर्षांत मी सरांना बसून जेवताना पाहिलं नाही. एकदा आई मला भेटायला आली होती, तिने हे पाहिलं आणि जाताना फाटकाशी मला म्हणाली, “त्या मानसाला कुनी बसवून वाढलं न्हाई रं कदी. तू मोठा झाला की एकदा बसव.”

मी मोठा झालो, पण सरांना बसवणं सोपं नव्हतं. विद्यार्थ्याकडून काही घ्यायचं नाही, हा तिसरा नियम. फौजदार झालेला एक जण त्यांच्यासाठी शाल घेऊन आला होता. सरांनी ती तापाने फणफणलेल्या एका मुलावर पांघरली आणि फौजदाराला टोपी काढून आमटी वाढायला उभं केलं. त्यामुळे कंपनीने मला सहा महिने कोपनहेगनला पाठवलं आणि चार दिवस सरांना तिकडे आणावं असं मनात आलं, तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा सरांशी खोटं बोललो. फोनवर म्हणालो, “सर, आमची कंपनी आपल्याकडची नवी मुलं इथे ठेवणार आहे. जागा बघितलीय, पण जाणत्या माणसाने एकदा पाहणी करायला पाहिजे.”

पलीकडे वही उघडल्याचा आवाज आला.

“किती पोरं?”

“चाळीस.”

“नळ किती हायेत?”

सर येणार हे मला तेव्हाच कळलं.

मी शोधून शोधून डिझाईन हॉटेल घेतलं. डिझाईन हॉटेल म्हणजे जिथली प्रत्येक वस्तू कुणीतरी नामांकित माणसाने केलेली असते आणि म्हणून ती त्या वस्तूसारखी दिसत नाही. नळ खुंटीसारखा, दिवा कांद्यासारखा. खाली मोठ्या दालनात तीन पायांच्या खुर्च्या मांडल्या होत्या. सरांनी एक उलटी करून पाहिली.

“चौथा पाय कुनी न्हेला?”

“सर, ती तशीच असते.”

“तुमीबी असंच सांगायचा, बाकडं मोडल्यावर.”

खोलीत न्हाणीघराची भिंत काचेची निघाली. सरांनी तिच्यावर आपली लुंगी पसरून बांधली आणि पिशवीतून लांब वही काढून शुद्ध मराठीत नोंद केली : ‘आरसा गोल आहे. हरकत नाही. न्हाणीघर पारदर्शक आहे. बाब गंभीर.’

खरी पंचाईत नाश्त्याला झाली. लांबलचक टेबलावर काळा पाव, चीज, अंडी, मासे, फळं मांडलेली होती. मी चार पायांची एक खुर्ची हुडकून खिडकीशी ठेवली. “सर, बसा.” सर दारात उभे राहिले. “पोरं येत्यात अजून.” ती पोरं म्हणजे सत्तरीचे जर्मन प्रवासी होते. एक जण सपाता घालून आला, त्याच्या पायांकडे सरांनी नुसतं पाहिलं. तो मुकाट्याने वर जाऊन बूट घालून आला. त्याच्याही लहानपणी कुणी रेक्टर असणार. दहा वाजता टेबलं आवरायला घेतली, तेव्हा सरांच्या वाट्याला पावाची एक कड आणि काकडीच्या दोन चकत्या आल्या. त्या त्यांनी उभ्यानेच खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी काकडीही नव्हती. ज्या माणसाला एकदा बसवून वाढायचं, त्याला विमानाने आणून मी उपाशी ठेवत होतो.

तिसऱ्या दिवशी बंदर पाहून आम्ही परत आलो तर कार्डाने दार उघडेना. ठोठावलं, तर आतून एका नवपरिणीत जोडप्याने उघडलं. आम्ही खाली गेलो. रिसेप्शनवरच्या उंच मुलीने कळवळून खुलासा केला. सफाईच्या बायका खोलीत गेल्या तेव्हा गादीवरच्या रजईची वळकटी सुतळीने बांधलेली, फरशी झाडलेली, न्हाणीघर कोरडं आणि बॅगा दाराआड ओळीने. पाहुणे गेले, असं समजून त्यांनी बॅगा खाली आणल्या आणि खोली दुसऱ्यांना दिली. “खरं सांगते,” ती इंग्रजीत म्हणाली, “तिथे कुणी राहत असल्याचा पुरावाच नव्हता.”

सरांना तेवढं इंग्रजी येतं. त्यांचा चेहरा उजळला. “ऐकलं का? तुमच्यातल्या एकालाबी जमलं न्हाई हे.”

“आमच्या पाहुण्यांची फार गैरसोय झाली,” मुलगी म्हणाली.

“गेस्ट?” सर थबकले. “नो गेस्ट. इन्स्पेक्शन.” आणि त्यांनी वही तिच्यासमोर ठेवली.

आपण पाहुणे आहोत हे कळलं असतं तर सर बॅग उचलून उरलेला वेळ विमानतळाच्या बाकावर बसले असते. मुलीने पानं उलटली. अक्षर तिला कळत नव्हतं, पण खुर्चीचं चित्र आणि त्यावरची फुली कळली. तिने मान वर केली. सरांच्या मागे मी हात जोडून उभा होतो. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, वही मिटली आणि अदबीने म्हणाली, “सर, तुम्ही आमची चादरींची खोली अजून पाहिली नाही.”

पुढचा तासभर सर तळघरातल्या त्या खोलीत होते. सफाईच्या दोन बायकांना त्यांनी वळकटी शिकवली. एकीने अशी घट्ट बांधली की सर म्हणाले, “ही पास. पहिल्या नंबरात.” आम्हाला मोठी खोली मिळाली. चौथ्या दिवशी आम्ही निघालो.

पंधरा दिवसांनी कंपनीच्या नावाने सरांचा हस्तलिखित अहवाल माझ्याकडे आला. चार पानं, समास सोडलेला. शेवटी लिहिलं होतं : ‘खुर्च्या बदलाव्यात. कर्मचारी शिस्तीचे आहेत. मुलांना पाठवण्यास हरकत नाही. त्यांना थंडीचे कपडे मात्र इथूनच द्यावेत.’ नसलेल्या चाळीस मुलांच्या थंडीची काळजी वाचून मला दोन दिवस काम सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी मी पत्र लिहिलं.

आदरणीय सर,

सविनय जय भीम.

अहवाल मिळाला. तो मी कुणाला दिला नाही, कारण देण्यासारखं कुणी नाही. चाळीस मुलं नाहीत. ते वसतिगृह नव्हतं, हॉटेल होतं, आणि आपण माझे पाहुणे होता. तसं सांगितलं असतं तर आपण आला नसता. आपल्याशी खोटं बोललो याची माफी मागतो. द्याल ती शिक्षा घेईन.

आणखी एक राहिलं. शेवटच्या सकाळी आपण चादरींच्या खोलीत वळकट्या तपासायला गेला होता, तेव्हा ती रिसेप्शनवरची मुलगी आणि मी नाश्त्याच्या टेबलांवर धुतलेल्या बशा मांडून त्यांवर पावाचा चुरा टाकत होतो. आपण वर आलात तेव्हा मी म्हणालो, “सगळ्यांचं झालं, सर. तुम्हीच राहिलात.” आपण तिच्याकडे पाहिलंत. तिनेही मान हलवली. मग आपण बसलात. तिने वाढलं. दोन अंडी, पाव, चीज, आणि ते लाल फळांचं काहीतरी आपण दोनदा मागून घेतलंत. पाऊण तास मी दारात उभा राहून बघत होतो.

सर, तेव्हा कुणाचंच झालं नव्हतं. सगळं हॉटेल वर झोपलं होतं.

ह्या खोट्याची माफी मात्र मागत नाही.

आपला,
खोली नंबर सहा