खुर्चीत बसून काढलेली रांगोळी

अक्का दोन्ही तळहात समोर धरायच्या आणि म्हणायच्या, "या हातात हे, त्या हातात ते. आता सांग." वांगी की दोडका, रिक्षा की बस, सगळ्याचा निकाल असा लागायचा. तुमच्याही शेजारात असं एखादं माणूस असेल. एचएसआर लेआउटमध्ये माझ्या समोरच्या दारात त्या होत्या.

त्यांचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत मुरलेलं, मी पुण्याहून नोकरीसाठी आलेली. उठल्यावर कॉफीचा घोटही न घेता दारात रांगोळी काढायची, हा त्यांचा नेम. एकट्या राहायच्या आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! मुलगा त्यांना व्हाइटफील्डला आपल्या घरी न्यायला टपलेला. "एकदा जरी पडलीस, तरी नेणार," असं त्याने बजावून ठेवलं होतं.

तशात तपासणीत हाडं ठिसूळ झाल्याचं निघालं. डॉक्टरीणबाईंनी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सांगितली. मी जात्याच घाबरट. खोक्यातला कागद उलगडून वाचून दाखवला. छातीत जळजळ, पोटदुखी, क्वचित कुणाच्या जबड्याच्या हाडाला त्रास.

"अक्का, नकोच ही गोळी."

त्यांनी तळहात वर केले. "सरी, बरं. हे सगळं या हातात. आता गोळी नाही घेतली तर काय होतं, ते वाच."

"ते यात नाही लिहिलेलं."

"मग दुसरा हात रिकामाच धरू? माझी बहीण न्हाणीघरात पडली, खुबा मोडला. पुन्हा अंथरुणातून उठली नाही. ते ठेव इकडं." आणि तो हात जड पारड्यासारखा खाली गेला.

जबड्याला त्रास नको म्हणून त्यांनी आधी दातांच्या डॉक्टरांकडून हलणारी दाढ काढून घेतली, जखम भरू दिली आणि मगच गोळी सुरू केली. मला त्यांचं कौतुकच वाटलं.

पण थोड्याच दिवसांत छाती अशी जळायला लागली की पाणी गिळवेना. गोळी बंद पडली. त्यांचे तळहात नुसते मांडीवर पडून होते. मला ते बघवेना. मीच त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

"गोळीनंतर अर्धा तास ताठ बसता ना?"

"आडवी होत नाही हो. रांगोळी काढते."

आता बोला! आडवं व्हायचं नाही, हे अक्कांनी कटाक्षाने पाळलं होतं. वाकलं तरी गोळी घशाशी येऊन भाजते, हे त्यांना सुचलं नाही आणि कागद वाचणाऱ्या मलाही नाही. बाई म्हणाल्या, "जळजळ थांबली की परत घेऊन बघू, नाहीतर इंजेक्शन आहे. पण जमिनीपर्यंत वाकणं आता गोळीच्या दिवशीच नाही, रोजच बंद. मणक्याला सोसायचं नाही."

घर आल्यावर अक्का म्हणाल्या, "या हातात मणका, त्या हातात रांगोळी. दोन्ही सोडणार नाही. उद्या लवकर ऊठ."

तेव्हापासून त्यांची खुर्ची दारात आली. पुढे गोळी परत सुरू झाली, तेव्हा गोळीच्या दिवशी ती घेऊन, पेलाभर पाणी पिऊन त्या ताठ बसायच्या आणि खाली मी, रांगोळीचा डबा घेऊन. "स्वल्प डावीकडे. वाकडी आली. पूस. परत काढ." जळजळ पुन्हा झाली नाही. ऑफिसात मी चार माणसांना कामाला लावते, पण अक्कांसमोर माझी एक रेघ धड पास व्हायची नाही.

त्या कधी पडल्या नाहीत. पुढे कितीतरी वर्षं पिशवी घेऊन बाजारात जायच्या, आणि मुलाला फोनवर ऐकवायच्या, "मी माझ्या दारात आहे." शेवटी साध्या तापाचं निमित्त झालं. पण गेल्या त्या स्वतःच्या घरातून, एकही हाड न मोडता.

त्यांच्या दाराला आता कुलूप आहे. मुलाने खुर्ची न्यायची म्हटली, मी नेऊ दिली नाही. आज सकाळी त्या दारात रांगोळी काढताना एक रेघ वाकडी आली. येणारं-जाणारं कुणी नव्हतं, चालून गेली असती. मी खुर्चीकडे पाहिलं, रेघ पुसली आणि परत काढली.