आप्पांची ऊबपेटी

उन्हाळ्यात जिथे कोंबडीसुद्धा अंडं सावलीत घालते त्या नंदुरबारात, मुद्दाम घरी बसून उष्णता तयार करणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. जळालेल्या पंपाच्या मोटारींचं रिवाइंडिंग करण्यात जन्म गेला. बायको वारली, लेक सुरतेला, घरात बोलायला भिंती. गेल्या पौषात थंडीने मिरचीचं बी रुजेना, तेव्हा आप्पांनी मेलेला फ्रिज आडवा पाडला, तळाशी बल्ब, वर ओल्या रेतीचा ट्रे आणि झाकणाला खिडकीची काच, अशी पेटी उभी केली. बल्बसाठी सगळा बाजार पालथा घातला. दुकानदार म्हणाला, "आप्पा, हाऊ नवा एलईडी घ्या, रातभर लावा तरी गार ऱ्हास." आप्पा कडाडले, "गार ते मी बी शे! माले उजाया नको, ऊब पायजे!" शेवटी अडगळीतून जुना पिवळा बल्ब निघाला. रेतीत डॉक्टरी थर्मामीटर खोचलेला असे. वीज गेली की आप्पा स्वतःची गोधडी पेटीवर घालून शेजारी कुडकुडत बसत. पहिला कोंब आला त्या दिवशी गल्लीभर गूळ वाटला. नातू झाल्यासारखा चेहरा!

गूळ घ्यायला आलेल्या समोरच्या काकूंनी काचेवर हात ठेवला आणि त्यांचे डोळे चमकले. थंडीत दही लागत नव्हतं. "आप्पा, मन्हं दूध ठेवू द्या ना पेटीमजार." आप्पा आडवे आले. "हाई बाळंतीणनी खोली शे, दहीनी नही!" पण काकूंपुढे कोण टिकलंय? दुसऱ्या दिवशी कवडीसारखं घट्ट दही बघून सगळी गल्ली पातेली घेऊन आली. मिरचीच्या बाळंतिणी कोपऱ्यात सरकल्या. संध्याकाळी दूध ठेवायला, सकाळी दही न्यायला माणसंच माणसं. भांडणं, चहाड्या, हसणं. आप्पा तोंडाने कुरकुरत आणि हाताने चहा गाळत. त्यांनी नवे कप आणले, एकट्या माणसाने, डझनभर.

होळी झाली आणि हवा तापली. दही आता ओट्यावरसुद्धा लागू लागलं. एकेक पातेलं यायचं थांबलं. मिरचीची रोपं कोरीट गावच्या शेतात गेली. आप्पा मात्र रोज सकाळी ओटा झाडून कप मांडत, आणि दहाच्या सुमारास उचलून ठेवत. भिंतीपलीकडून मला कपांचा आवाज यायचा.

चैत्रातल्या एका संध्याकाळी, घामाने निथळत, मी दुधाचं पातेलं घेऊन गेलो. "आप्पा, आमना घर दहीच नही लागी ऱ्हायनं."

त्यांनी माझ्या कपाळावरचा घाम पाहिला. मग उपरण्याने आपली मान पुसली. पातेलं दोन्ही हातांनी घेतलं आणि म्हणाले, "थंडी शेच यंदा. सकायले ये. च्या ठेवस."

सकाळपर्यंत त्या दह्याचं जे व्हायचं ते झालंच होतं. आम्ही दोघांनी ते साखर घालून खाल्लं, आणि आंबट आहे असं कुणीच म्हटलं नाही.